यादी लागेपर्यंत



मृग लागला की आपल्या जिल्ह्यात पऱ्हे टाकण्याची घाई सुरू होते आणि पुढे आषाढात बांध्या भरल्या की रोवणीला माणूस मिळत नाही. नेमक्या याच दिवसांत बारावी पास झालेली पोरं-पोरी ज्या घरात आहेत तिथे आणखी एक वाट पाहणे चालू असते. प्रवेशाची यादी कधी लागते, नाव कुठे येते, आणि आले तर पुढे काय? तिरोड्यापासून अर्जुनी-मोरगावपर्यंत कुठेही जा, बाप बांधीत चिखलात उभा असतो आणि पोरगं धुऱ्यावर मोबाईल वर धरून रेंज शोधत असते.

वाट पाहणे आपण ऊसवाल्यांना नवे नाही. लागणीची नोंद द्यायची, पाळीपत्रकात आपला नंबर कितवा ते बघायचे आणि टोळी येईपर्यंत दम धरायचा. प्रवेशाचेही पुष्कळसे असेच आहे. फरक एवढाच की उसाची पाळी चुकली तर आठ-पंधरा दिवसांनी तरी कोयता लागतो. प्रवेशाची तारीख चुकली तर पोराचे अख्खे वर्ष जाते. म्हणून हे यंत्र चालते कसे ते बापालाही ठाऊक असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पसंतीक्रम म्हणजे काय?

"भाऊ, यादीत नाव तर आलं म्हणते, मग पोरगी रडते कायले?" असा प्रश्न गट कार्यालयात दरसाल कोणीतरी विचारतोच. उत्तर बहुतेक वेळा पसंतीक्रमाच्या कागदात सापडते.

अभियांत्रिकीसाठी राज्याची सीईटी होते. भौतिक व रसायनाचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, असा २०० गुणांचा तो हिशेब आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. निकालानंतर गुणवत्ता क्रमांक लागतो आणि मग मुलाने महाविद्यालयांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमाने भरावयाची असते. यंत्र त्या मुलाच्या नंबरावर आले की त्याचा कागद वरून खाली वाचते आणि जिथे पहिली मोकळी जागा दिसेल ती त्याला देते. म्हणजेच अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही.

मात्र एक मेख आहे. २०२५ साली चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर तीच पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाली तरी तीच पक्की, असा तो नियम होता. जिथे जायचेच नाही ते नाव शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वर लिहिले, तर रडण्याची पाळी येते ती अशी. नियम दरसाली थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कागद भरू नये. आणि क्रम पोराने लावावा. बापाने खर्च सांगावा, अंतर सांगावे. पण चार वर्षे तिथे काढायची आहेत ती पोराला.

वाट कधी कधी फार लांबते, हेही लक्षात असू द्यावे. २०२० साली करोनामुळे सीईटी ऑक्टोबरात झाली आणि निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. २०२४ साली वैद्यकीयच्या नीट परीक्षेचा निकाल ४ जूनला लागला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सुधारित निकाल २६ जुलैला हाती आला. ते पावणेदोन महिने घरोघरी कसे गेले असतील ते ज्याचे त्याला ठाऊक. अशा वेळी पोराला "काय झालं, काय झालं" असे दहादा विचारू नये. त्याच्याजवळ उत्तर असते तर त्याने आधीच सांगितले असते.

कागद आणि पैसा

यादीत नाव येऊनही जागा हातची जाते ती दोन कारणांनी. पहिले कागद. जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत द्यावा. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपणारी असते. त्यावरचे वर्ष बघून घ्यावे. टी.सी.वर एक नाव आणि आधारावर दुसरे, असे असेल तर ते आताच दुरुस्त करावे. यादी लागल्यावर तहसिलीत रांग लावून काही साधत नाही.

दुसरे कारण पैसा. उसाचे बिल हिवाळ्या-उन्हाळ्यात येते आणि फी भरावी लागते पावसाळ्यात, ऐन खता-रोवणीच्या खर्चात. मधल्या काळात बिल लग्नकार्यात आणि ट्रॅक्टरच्या हप्त्यात जिरून जाते. ज्यांच्या घरी अकरावी-बारावीचे मूल आहे अशा सभासदांनी बिलातला काही भाग जुलैपर्यंत मुदत ठेवीत टाकावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. सावकाराचे दार वाजविण्यापेक्षा ते बरे.

मुलींच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, घरचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे; व्यवस्थापनाच्या कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. घाबरून फेरी संपण्याआधीच कोट्यात पैसे भरणाऱ्या बापाचे त्यात दुहेरी नुकसान होते. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि जमातींसाठी स्वयम् योजना आहे. चौकशी अवश्य करावी.

तिथले दिवस कसे असतील?

यादीची वाट पाहताना पोरांच्या मनात खरा घोर असतो तो याचा. भातावर वाढलेल्या पोराला खाणावळीत भाकरी-चपातीवर भागवावे लागेल. आपली झाडी बोली, पोवारी ऐकून कोणी हसेल. पुस्तके इंग्रजीत आणि तास भराभर. पहिले दोन-तीन महिने जड जातात, मग तीच बोली खोलीतल्या सोबत्यांच्या तोंडी बसते. राहिला रॅगिंगचा धाक. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा असून दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. १८००-१८०-५५२२ हा फुकट फोन पोराच्या खिशात लिहून द्यावा आणि "काही झालं तर पहिले मले सांग" एवढे बोलून ठेवावे.

गाडीची सोय तर आपल्या दारात आहे. कोल्हापूरची महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून सुटते आणि नागपूर, अकोला, पुणे करीत जाते. नागपूरला १९२३ चे विद्यापीठ आणि १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय, अकोल्याला १९६९ चे कृषी विद्यापीठ, पुण्याजवळ मांजरीला आपल्या धंद्याची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी तर विद्यार्थ्यांना खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. तिथे आपली पोरं कोणापेक्षा कमी पडावयाची नाहीत.

आणि यादीत नाव आलेच नाही तर? गोंदिया शिक्षण संस्था १९५८ पासून इथेच उभी आहे, २०१६ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. घरून जाऊन-येऊन बी.एस्सी. करणे ही हार नव्हे. रसायन घेऊन बी.एस्सी. झालेल्याला मांजरीला किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत साखर तंत्रज्ञानाकडे वळता येते. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत आणि पॅनवर काम करणारे कित्येक जण याच वाटेने आले आहेत.

तेव्हा रोवणीतून एक दिवस काढा. पोराला, आणि पोरीलाही, सोबत घेऊन बसा, कागदांची थैली उघडा आणि पसंतीक्रम एकदा मोठ्याने वाचून घ्या. जे नाव वाचताना तिचा आवाज खाली येईल, ते वर ठेवायचे की नाही याचा विचार यादी लागण्याआधी करा.