फाइल-बदल सूचना

संगणकातील एखादी फाइल निर्माण झाली, बदलली, तिचे नाव पालटले अथवा ती नष्ट झाली असता परिचालन प्रणाली इतर कार्यक्रमांना ज्या सोयीमार्फत त्याची वर्दी देते, तीस फाइल-बदल सूचना-व्यवस्था म्हणतात. राखीव प्रती ठेवणे, दोन संगणकांतील मजकूर जुळता राखणे, शोधसूची अद्ययावत करणे, विषाणू-तपासणी इ. कामे तिच्यावर अवलंबून असतात. ही सोय नसल्यास कार्यक्रमाला सर्व फाइली ठराविक कालाने पुनःपुन्हा तपासाव्या लागतात.

लिनक्समध्ये प्रथम डीनोटिफाय (२००१) व नंतर आयनोटिफाय (२००५) ही व्यवस्था आली. विंडोजमध्ये हे काम रीडडिरेक्टरीचेंजेसडब्ल्यू हे फलन करते. ॲपलच्या मॅक ओएस एक्स १०.४ मध्ये (२००५) स्पॉटलाइट या शोधसाधनासाठी अशी यंत्रणा होती. मात्र ती बाहेरच्या कार्यक्रमकारांसाठी अधिकृतपणे १०.५ या आवृत्तीत (२००७) खुली झाली. प्रारंभी ती फोल्डरापुरतीच वर्दी देत असे. फाइलवार वर्दी १०.७ पासून (२०११) मिळू लागली.

या व्यवस्थांच्या काही मर्यादा पुस्तिकांत नमूद असतात. उदा., आयनोटिफायच्या रांगेत सामान्यतः १६,३८४ घटना मावतात. त्यापुढील घटना गळतात व रांग भरून वाहिल्याची केवळ एक सूचना मिळते. लागोपाठच्या समान घटना एकत्र केल्या जातात. जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाने केलेला बदल कळत नाही.

याउलट जे वर्तन प्रत्यक्षात आढळते, परंतु ज्याची हमी पुस्तिका देत नाही, त्यास अलेखित वर्तन म्हणता येईल. फाइल एकदा जतन केल्यावर किती सूचना येतील, हे त्याचे ठळक उदाहरण होय. काही संपादक-कार्यक्रम मूळ फाइलीत न लिहिता तात्पुरती फाइल लिहून तिचे नाव पालटतात. त्यामुळे एका कृतीच्या अनेक सूचना येतात. लिहिणाऱ्याने फाइल बंद करण्यापूर्वीही सूचना येऊ शकते व अर्धवट मजकुराची प्रत घेतली जाते. अशा वर्तनावर विसंबून रचलेला कार्यक्रम प्रणालीच्या पुढील आवृत्तीत निकामी ठरू शकतो.

मराठी फाइलनामांबाबत आणखी एक अडचण संभवते. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये ०९३१ या एकाच संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा जोडीने लिहिता येते. दोन्ही रूपे समतुल्य असून दिसण्यात सारखीच असतात. ॲपलची एचएफएस प्लस ही जुनी फाइलरचना नावातील अशा अक्षराची फोड करून ते साठवते. लिनक्स मात्र नाव दिल्याप्रमाणेच ठेवते. समजा, उल्हासनगर कॅम्प ४ मधील एखाद्या दुकानदाराने ‘दुसऱ्या तिमाहीचा हिशेब’ ही फाइल मॅकवरील अशा चकतीवर ठेवली. सूचनेत येणारे नाव व कार्यक्रमाने नोंदलेले नाव यांतील संकेतांक जुळले नाहीत, तर तो तीस निराळी फाइल समजेल आणि हिशेबाची राखीव प्रत जुनीच राहील. २०१७ साली मॅकवर आलेली एपीएफएस ही रचना नाव जसेच्या तसे ठेवते. तथापि जुन्या चकत्यांवर ही शक्यता उरते.

म्हणून सूचना हा बदलाचा पुरावा न मानता केवळ संकेत मानावा. तो मिळताच फाइलीची प्रत्यक्ष स्थिती तपासावी, तुलनेपूर्वी नावे एका रूपात आणावीत, रांग भरून वाहिल्यास संपूर्ण फोल्डर पुन्हा वाचावे आणि राखीव प्रतींची अधूनमधून मूळ फाइलींशी पडताळणी करावी.