पाटी नसलेली खाणावळ

आमच्या वसईच्या राजेळी केळ्याची पारख परक्या माणसाला काय असणार, असा मला फार दिवस गर्व होता. नालासोपाऱ्याच्या बाजारात एका आफ्रिकी बाईंनी तो उतरवला. केळीवाली दुसरीच फणी पुढे करीत होती. बाईंनी मान हलवली आणि ठणकावून म्हटले, "वो नहीं, राजेली!"

मोठी मौज वाटली. चौकशी करता कळले की, बाई नायजेरियाच्या. राहत्या घरीच देशबांधवांसाठी लहानशी खाणावळ चालवतात. पुढच्या रविवारी सौ.ला घेऊन मी तिथे जेवायला निघालो, तेव्हा एक विद्यार्थी कळवळून म्हणाला, "सर, त्या लोकांत कशाला जाता?" त्याला तरी काय बोलावे? चौघांच्या गुन्ह्याची बातमी छापून येते आणि आपण चारशेजणांना दार लावून घेतो.

पानात उकडीसारखा मऊ गोळा होता. त्याला फुफू म्हणतात. सोबत कलिंगडाच्या जातीच्या बियांचा मगज घातलेले एगुसीचे कालवण आणि राजेळीच्या तळलेल्या चकत्या. गोळा हाताने मोडायचा आणि कालवणात बुडवून खायचा. सौ. हळूच म्हणाली, "अहो, हे तर आपल्यासारखेच जेवतात!"

वाचकहो, आफ्रिकेची आणि आपली ओळख का आजची आहे? गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. 1610 साली त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने नहरीने पाणी खेळवले, आणि त्याची जमीनमहसुलाची पद्धत 'मलिकंबरी' म्हणून नावारूपाला आली. पुढे एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले नाशिकच्या शरणपुरात सुतारकाम, लोहारकाम शिकली. तिथेच शिकलेला जेकब वेनराइट 1873-74 साली डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांच्या शवपेटीला त्याने खांदाही दिला.

ही माणसे पूर्व आफ्रिकेची, बाई पश्चिमेच्या. पण आपण तरी हा भेद कुठे करतो? सगळ्यांना एकाच नावाने ओळखतो, आणि संशयही एकच घेतो.

निघताना सौ.ने विचारले, "बाई, दारावर पाटी का नाही?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "बोर्ड लगाया तो घर जाएगा." घर अकरा महिन्यांच्या करारावर, मालकाला गवगवा नको होता.

हबशाच्या नहरीचे पाणी प्यायलेला, त्याच्या नावाची महसूलपद्धत मिरवलेला हा महाराष्ट्र! त्याच महाराष्ट्रात एका कष्टाळू बाईंना आपल्या चुलीचे नाव दारावर लिहिता येऊ नये, हे मनाला लागले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. सौ.ने आगाशीची सुकेळी बांधून ठेवली आहेत. आणि तो विद्यार्थी? तोही येतो म्हणाला आहे.