रंगीत वाघ आणि चांदीचा भाव

खराडी गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. पुढे शेतांच्या जागी संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि हौसेवर खर्च करणारे नवे गिऱ्हाईक तयार झाले. तेथे फ्रेमचा धंदा करणाऱ्या आमच्या एका स्नेह्याकडे असाच एक तरुण वाघाचे रंगीत नाणे मढवून घ्यायला आला. नाणे त्याने चांदीचे म्हणून घेतले होते. वजन एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, अगदी बरोबर भरले.

आम्ही काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, काटा शून्यावर आणला आणि नाणे दोऱ्याने पाण्यात लोंबते सोडले. चांदी असती तर काटा तीन ग्रॅमच्या आसपास थांबला असता. तो साडेतीनवर गेला. आत तांबे आणि वर चांदीचा मुलामा!

नाण्यावर प्राणी ही गोष्ट नवी नाही. बादशहा जहांगीरने १६१८ च्या सुमारास राशींची नाणी पाडली, त्यांवर सिंह व बैल होते. आपल्या २५ पैशांवर १९८८ पासून गेंडा आला. रंगाची चाल मात्र अलीकडची. पलाऊ या बेटांच्या देशाने १९९२ साली सागरी जीवांची रंगीत नाणी काढली आणि मग ती जगभर पसरली. भारत सरकारच्या टांकसाळ महामंडळानेही २०२२ साली पंचतंत्राचे आणि २०२४ साली एकशिंगी गेंड्याचे रंगीत नाणे आणले. ही स्मरणवस्तू आहेत, बाजारात चालणारे चलन नव्हे.

या मालात हात घालणाऱ्या बांधवांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रंग टांकसाळीने दिला की नंतर कोणा खासगी माणसाने चढवला, हे आधी विचारावे. नंतर रंगवलेल्या नाण्याला जाणता संग्राहक सहसा जादा दाम देत नाही. मूळ डबी व प्रमाणपत्र सांभाळावे. चिंच, लिंबू किंवा पॉलिश लावू नये, रंग खराब होतो. मोडीत घालताना सराफ फक्त चांदीचा भाव देतो. रंगाचे आणि हौसेचे पैसे तेथे बुडतात. म्हणून कमाईची खात्री देऊन कोणाला नाणे विकू नये.

आणखी एक हिशेब. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम धरला जातो. शुद्ध चांदीची एक औंसाची वीस नाणी ६२२ ग्रॅम भरतात. म्हणजे कपाटातील हौसही जकातीच्या हिशेबात येते. प्राण्यांच्या चित्रांबाबत मनात शंका असेल तर आपल्या उलेमांना विचारावे.

आमच्या स्नेह्याने ते नाणे मढवून दिले, पण पावतीवर ‘चांदीचा मुलामा’ असे स्पष्ट लिहिले. तरुणाचा चेहरा उतरला. मात्र पुढच्या महिन्यात तो दुसरे नाणे घेण्यापूर्वीच तपासायला घेऊन आला. खरे बोलून जोडलेले गिऱ्हाईक असे टिकते.