कॅसेट उतरवून घ्या, नावे लिहून ठेवा

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले शेंदूरजनाघाट संत्र्याच्या व्यापारासाठी सर्वदूर परिचित आहे. अशा गावांतील व्यापारी घराण्यांत आजोबांच्या काळातील रोकडवही आणि खतावणी लाल कापडात बांधून जपलेली आढळते. त्याच घरातील माळ्यावर मात्र व्हिडिओ कॅसेटचा एखादा खोका धूळ खात पडलेला असतो. त्यात काय आहे, किती आहे आणि ते अजून शिल्लक आहे काय, याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लग्नाचे चित्रीकरण ही तालुक्याच्या गावीही रूढ गोष्ट झाली. सुमारे तीन तासांच्या त्या कॅसेटमध्ये केवळ सप्तपदी नाही. पंगतीत आग्रह करणारी आजी आहे, मांडवाच्या दारी पाहुण्यांचे स्वागत करणारे मोठे काका आहेत, वरातीच्या मागे दिसणारी बाजारपेठ आणि तिच्यातील दुकानांच्या जुन्या पाट्या आहेत. कुठे मुक्तागिरीच्या पायऱ्या चढणारे कुटुंब आहे, कुठे संत्र्याच्या बागेत खेळणारी मुले आहेत. छायाचित्रात चेहरा राहतो. चालण्याची ढब, हसणे आणि वऱ्हाडी बोलीतील हाक मात्र या फितीतच राहते.

ही फीत टिकाऊ नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने बसविलेला असतो. दमटपणाने ते द्रव्य सैल होते, फितीवर पांढरी बुरशी चढते; टिनाच्या छपराखाली वऱ्हाडातील उन्हाळ्याची झळ लागून फीत वाकते. त्याहून मोठी अडचण यंत्राची आहे. व्हीसीआर तयार करणाऱ्या जपानमधील अखेरच्या कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केले. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने ध्वनी व दृश्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह २०१९ मध्ये याच धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले. साधारण २०२५ नंतर यंत्रे, सुटे भाग आणि दुरुस्त करणारे हात दुर्मिळ होत जातील, असा जाणकारांचा इशारा होता. ती वेळ आता आली आहे. म्हणजे फीत सुस्थितीत असली तरी ती वाचणार कोण, हा प्रश्न उरतोच.

दुर्लक्षाची किंमत काय असते, हे मराठी माणसाने पूर्वी अनुभवले आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले, १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे केले. त्या फिती आज पाहावयास मिळत नाहीत. उलट, दादासाहेब फाळके यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्ण झालेली त्यांची कन्या मंदाकिनी शंभर वर्षांनंतरही हसताना दिसते, कारण त्या चित्रपटाचा मोठा भाग जतन झाला. घरगुती चित्रणाचे मोल परदेशात फार आधी ओळखले गेले. भारतात राहून गेलेल्या इंग्रज कुटुंबांनी हौसेने टिपलेल्या फिती केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने सांभाळल्या आहेत. त्या साहेबांच्या बंगल्यातील चहापान अभ्यासकांना आज पाहता येते. आपल्या वाड्यातील पंगत मात्र आपल्याच नातवंडांना पाहता येत नाही.

जपणूक म्हणजे कुलूप लावणे नव्हे, हे सांगणारी परंपरा आपल्याच प्रांतात आहे. कारंजा लाड येथील शास्त्रभांडारे जुन्या हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध आहेत. पोथी जीर्ण होण्यापूर्वी तिची प्रत उतरवून घेणे आणि ती दुसऱ्या गावच्या भांडारास देणे, हे आपल्या पूर्वजांनी दान मानले. धवला टीकेची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्रीत शतकानुशतके बंदिस्त होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी प्रती करविण्यासाठी पुढाकार घेतला. अशा प्रतींच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला षट्खंडागमाचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहूनच प्रकाशित झाला. शास्त्रग्रंथ आणि लग्नाची कॅसेट यांची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु प्रत झाली तरच वस्तू वाचते, हा नियम दोहोंना सारखाच लागू आहे.

आरंभ दुकानातील मालमोजणीप्रमाणे करावा. प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्यावा आणि तिच्यावरील मजकूर वहीत उतरवावा. कॅसेटच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी तोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे चित्रण होणार नाही. बुरशी दिसल्यास ती कॅसेट यंत्रात घालू नये; जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. चित्रण संगणकात उतरविताना मूळ दर्जाची फाइल मागावी. केवळ डीव्हीडीवर समाधान मानू नये, कारण तीही कालांतराने खराब होते. तीन प्रती असाव्यात: दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या भावाकडे. सर्व ठेवी एकाच तिजोरीत ठेवू नयेत, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. प्रत झाली तरी मूळ कॅसेट फेकू नये; ती थंड, कोरड्या जागी उभी ठेवावी.

यानंतरचे काम कोणतेही यंत्र करू शकत नाही. पडद्यावरील चेहरे ओळखणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. दिवाळीच्या वहीपूजनासाठी भावंडे मूळ घरी जमतात, तेव्हा आजीला पुढे बसवून चित्रण दाखवावे. ती बोलत असताना तिचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि कोणत्या मिनिटाला कोण दिसते, हे लिहून घ्यावे. नावाविना चेहरा म्हणजे खातेदाराचे नाव नसलेली ठेव: रक्कम आहे, पण वारस सापडत नाही.

वाटून घेतानाही विवेक हवा. व्हॉट्सॲपवरून पाठविलेले चित्रण आकसते. पेनड्राइव्हमधून पूर्ण प्रत प्रत्येक शाखेला द्यावी. सासरी गेलेल्या लेकींना विसरू नये. त्यांच्या माहेराचे अंगण त्याच फितीत आहे. मात्र सार्वजनिक माध्यमांवर टाकण्यापूर्वी चित्रातील व्यक्तींची अनुमती घ्यावी. एखादा विवाह पुढे मोडला असेल, एखादे अकाली निधन आजही सलत असेल; त्या घराला न विचारता ते दृश्य जगासमोर मांडणे ही मानसिक हिंसाच होय.

शेंदूरजनाघाटची मुले आज नागपूर, पुणे आणि परदेशातही स्थायिक होत आहेत. वाडा सर्वांना वाटून देता येत नाही, बागेचेही तुकडे पडतात. ही मिळकत मात्र वाटल्याने कोणाचाच हिस्सा कमी होत नाही. तिची मोजणी यंदाच्या दिवाळीपूर्वी व्हावी. पुढील दिवाळीला नावे सांगणारी व्यक्ती समोर असेलच, याची हमी कोण देणार?