सीलिअॅक असेल तर कोणती बिअर?

बिअर होते ती बहुधा बार्लीच्या माल्टपासून, आणि बार्लीत ग्लुटेन असतं. सीलिअॅक आजारात त्यानेच लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. म्हणून ‘एक घोट घे, काही होत नाही’ असा आग्रह कुणीही करू नये.

ग्लुटेनमुक्त बिअर दोन तऱ्हांची. एक ज्वारी, बाजरी, तांदूळ अशा मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्यांची. दुसरी बार्लीचीच, विकराने ग्लुटेन तोडलेली; त्याचे उरलेले तुकडे चाचणीत नीट सापडत नाहीत, म्हणून मी पहिलीच सुचवेन. आपल्याकडे ‘ग्लुटेनमुक्त’ छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अशी बाटली मिळाली नाही, तर नाशिकची द्राक्षांची वाइन बरी.

आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. आपल्या जामखेड-कर्जतकडे रब्बीला तीच ज्वारी उभी असते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ असे तिचे वाण दिलेत. मात्र भाकरीसाठी ही ज्वारी दळताना जपायचं ते गिरणीत. आधी गहू दळला असेल, तर पाळीला चिकटलेलं पीठ ज्वारीत उतरतं. घरघंटी वेगळी ठेवा. आणि हिंगाची डबी उलटून वाचा, त्यात बऱ्याचदा मैदा असतो.