भाकरीवर नाहक आळ

पोळी, भात, भाकरी ताटातून उचलली की वजन उतरतं आणि हाडंही टिकतात, असा सल्ला हल्ली कुणीही हक्काने देतं. वजनाचं ज्याने त्याने पाहावं. हाडांचा हिशेब इतका सरळ नाही. कर्बोदकं कोणती आणि ती खाणाऱ्याची प्रकृती कशी, यावर तो ठरतो.

गैरसमज : कर्बोदकं सोडली की हाडं मजबूत होतात.
वस्तुस्थिती : हाड आयुष्यभर झिजतं आणि नव्याने भरतं. भरणी करणाऱ्या पेशींचं मुख्य इंधन ग्लुकोज. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंना साडेतीन आठवडे कीटो, म्हणजे कर्बोदकं जवळपास वगळलेला, आहार दिला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हाडांच्या झिजेचे रक्तातले निदर्शक वाढले, भरणीचे घटले. कर्बोदकं पुन्हा सुरू केल्यावर घसरण काही अंशी सावरली. एवढ्यावरून फ्रॅक्चरचं भाकीत करता येत नाही, पण मजबुतीचा दावाही टिकत नाही.

गैरसमज : मधुमेहींची डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी चांगली आली, म्हणजे फ्रॅक्चरची भीती नाही.
वस्तुस्थिती : टाइप २ मधुमेहात हाडांची घनता बऱ्याचदा नेहमीइतकी किंवा जास्तच दिसते, तरी फ्रॅक्चरचा धोका वाढलेला असतो. रक्तात वर्षानुवर्षं वाढलेली साखर हाडातल्या कोलेजनला चिकटते आणि त्याची लवचिकता जाते. त्यात पायांची बधिरता आणि अधू नजर यांमुळे तोल जातो. मात्र इन्सुलिन घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने भाकरी बंद केली, तर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते, आणि हाड मोडायला एक पडणं पुरतं. आहारातला बदल डॉक्टरांना विचारून, औषधाच्या मात्रेशी जुळवूनच करावा.

गैरसमज : शीतपेयातला गॅस हाडं विरघळवतो.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात (२००६) रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी आढळली. इतर फसफसत्या पेयांबाबत तसं दिसलं नाही. म्हणजे दोष बुडबुड्यांचा नव्हे. घरातलं नुकसान बहुधा साधं असतं : कोल्याचा ग्लास आला की दुधा-ताकाचा जातो.

गैरसमज : धान्यात नुसता स्टार्च, हाडांना त्यातून काय मिळणार?
वस्तुस्थिती : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. प्रौढांची रोजची गरज १,००० मिलिग्रॅमची. नाचणीतलं फायटेट कॅल्शियम अडवून धरतं. मोड आणल्याने किंवा आंबील करताना पीठ आंबवल्याने फायटेट कमी होतं.

गैरसमज : मग नाचणी खाल्ली की झालं.
वस्तुस्थिती : डाळ, दूध किंवा अंडी यांतली प्रथिनं, ड जीवनसत्त्व आणि वजन पेलणारा व्यायामही हवा. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडला, तर प्लास्टर किंवा शस्त्रक्रियेवर न थांबता हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करून घ्यावी.