फायबर होडीच्या डेकचा साचा असा करा

फायबरच्या पाण्याच्या टाक्या, गोबरगॅसची टाकी तुम्ही पाहिलीच असेल. शर्यतीची छोटी शिडाची होडी त्याच मालाची. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला आपले विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन ज्या ‘लेझर’ होडीवर उतरले, तिचा तळ एका साच्यात आणि वरचा डेक दुसऱ्या साच्यात निघतो. नंतर दोन्ही कडेला चिकटवतात. लेझर बनवायला परवाना लागतो, पण स्वतःच्या नमुन्याची होडी किनाऱ्यावरच्या फायबर कारागिराला जमण्यासारखी आहे.

आधी प्लायवूड व पुट्टीचा हुबेहूब डेक तयार करावा. यावर हवे तेवढे दिवस घालवा. इथे राहिलेला खड्डा साच्यात उतरतो आणि पुढे प्रत्येक नगात दिसतो. बसण्याच्या खोलगट जागेच्या भिंती सरळ उभ्या नकोत, थोड्या तिरक्या हव्यात. गुळाची ढेप बादलीतून का सुटते? बादली वर रुंद असते म्हणून. इथेही तेच.

हजार नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून मेणाचे पाच-सहा हात द्यावेत. मग जेलकोट. तो बोटाला चिकट लागला, पण बोटावर आला नाही, की पातळ मॅटचा पहिला थर द्यावा आणि रोलरने हवेचे बुडबुडे काढावेत. जाड थर एकाच दिवशी चढवू नका. रेझिन तापते, आकसते आणि साचा वाकडा होतो. हार्डनर किलोला १० ते २० मिली पुरे, लवकर सुकावं म्हणून जास्त ओतू नये. भर पावसाळ्यात हे काम काढूच नये.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र केले तर स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, हार्डनर शेवटी. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे हवेतच. गावात असा कारखाना निघत असेल तर ग्रामपंचायतीनेही तो गंजी-गोठ्यांपासून लांब आहे ना, एवढे पाहावे.

मागून पाइपांचा सांगाडा थर पक्के झाल्यावरच बसवा, नाहीतर त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. साचा निदान आठवडाभर तसाच ठेवावा. सोडवताना पहार नको. प्लास्टिकच्या पाचरी ठोकून फटीत पाणी सोडावे, हळूहळू सुटतो.